आक्का, सुतकात फोडणी घातली

आक्का, तुला उचलायच्या आधी मला भूक लागली. हे मी कुणाला सांगू? घरात रडारड, दारात चपलांचा ढीग, आणि त्यातनं वाट काढत शेजारच्या मुमताजभाभी आल्या, हातात त्यांच्या कुंडीतला मूठभर सब्जाचा पाला. त्यांच्यात मयतावर सब्जा घालतात. उंबऱ्यातच थांबून त्यांनी मला हळू विचारलं, "घालू का गं सुमन? तुमच्यात चालंल न्हवं?" मी म्हटलं, घाला की, तिला त्याच्याशिवाय एक दिवस करमत नव्हतं. त्यांनी तो तुझ्या हारावर ठेवला आणि वास उठला. लसूण नाही, मिरची नाही, नुसता सब्जा, पण माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जाऊ निघालीय आणि हिच्या तोंडाला पाणी सुटतंय. मी पदर तोंडाला लावला तर बायकांना वाटलं हुंदका आवरतेय, आणि त्या आणखी रडायला लागल्या.

तेव्हापासून मला बसवत नाही. सुतकाच्या घरात माणसानं बसायचं असतं म्हणे. मी झाडू घेतला की कुणीतरी काढून घेतं, भांड्याला हात लावला की "ऱ्हाऊ दे गं, बस तू". कागलच्या आत्याबाई, आपल्या दोघींच्या नवऱ्यांच्या आत्या, दहावं होईपर्यंत मुक्कामाला आल्यात. त्यांनी जाजमावर माझी जागाच ठरवून दिलीय. मी बसते, उठते, परसात जाते, परत येते, फ्रीज उघडते, बंद करते. तू आणलेली ढोबळी मिरची तशीच आहे. त्या सकाळी मंडईतनं येऊन तू पिशवी ठेवलीस, "जरा पाठ टेकते" म्हणालीस, आणि टेकलीस ती टेकलीसच. पिशवी मी आवरली. तेवढं एक काम मला करता आलं, कारण तेव्हा कुणालाच काही कळलं नव्हतं.

आणि खरं सांगू का, मला राग आलाय. रडू येत नाही, राग येतो. साखर मला. डोळ्याच्या पडद्याला सूज मला. गोळ्यांचा डबा माझा, पथ्य माझं, जायची तयारी माझी, आणि गेलीस तू, जिचं कधी डोकं दुखल्याचं मला आठवत नाही. रांग मोडून गेलीस. रेशनच्या दुकानात रांगेत घुसणाऱ्या बायकांशी किती भांडायचीस तू.

लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मी तुला 'आक्का, तुम्ही' म्हणायची. थोरली जाऊ, मान द्यायला पाहिजे. पण आपलं भांडण पहिल्या महिन्यातच सुरू झालं, आणि 'तुम्ही' म्हणत भांडायला गेलं की शब्दाला धारच येत नाही. मग चारचौघांत तुम्ही आणि ओट्यापाशी तू, असं झालं. ठरवलं कुणीच नाही, आपोआप झालं. एका ओट्यावर दोघी जावा एवढी वर्षं नांदल्या ह्याचंच लोकांना नवल. वेगळी चूल मांडा म्हणून किती जणांनी सुचवलं. तू म्हणायचीस, "मांडीन की, पर मग भांडू कुणासंगं?"

माझ्या डोळ्याचं कळलं तेव्हा डॉक्टरांनी भात, भाकरी, बटाटा, साबुदाणा, सगळ्यावर फुली मारली. मी तिथंच विचारलं, मग खाऊ काय, माती? तू रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "तुझं डोळं मी जाऊ द्याची न्हाय. माझी ब्लाउजं कोण शिवणार मग?" मी म्हटलं, म्हणजे स्वतःच्या ब्लाउजांसाठी माझे डोळे पाहिजेत होय तुला. "व्हय की," म्हणालीस आणि बाहेर बघत बसलीस. घरापर्यंत तू तोंड इकडं वळवलं नाहीस. मी पण मुद्दाम बघितलं नाही.

मग तू मोबाईलवर ती बाई शोधून काढलीस. थायलंडची, रस्त्याकडेला गाडा लावून विकणारी. ती काय बोलते ते तुला कळत नव्हतं, मला तर नाहीच. तू म्हणालीस, "हात बघायचा, तोंड कशाला बघायचं?" जाळ मोठा, कढई लोखंडी, लसूण-मिरची ठेचून तापल्या तेलात, त्यावर भाज्या, आणि झारा थांबायचा नाही. भात नाही, पीठ नाही, बटाटा नाही. "आगं, ही तर आपल्यावानीच ठेचा कुटतिया," म्हणून तू इतकी खूष झालीस की तो व्हिडिओ तुझ्या नवऱ्याला, दादांनाही दाखवलास. त्या पदार्थाचं नाव तुला शेवटपर्यंत आलं नाही. तू सरळ थायलंडच म्हणायचीस. "आज थायलंड करू का मेथी?" असं विचारायचीस, आणि मी मेथी म्हटलं तरी थायलंडच करायचीस.

पुण्याहून तुझ्या लेकानं फोनवर सांगितलं की ह्यात शेवटी तुळस घालतात. तू फोनच ठेवलास. सकाळी जिला पाणी घालायचं तिलाच संध्याकाळी कढईत परतायचं? बरेच दिवस ते नावच काढलं नाहीस. मग एकदा भिंतीपलीकडनं कसला तरी वास आला आणि तू झारा हातात धरूनच परसात गेलीस. "भाभी, ही कसली तुळस?" मुमताजभाभी म्हणाल्या, "तुळस न्हवं आक्का, सब्जा हाय. आमच्यात कबरीवर लावत्यात." तू जरा विचार केलास. "मग कढईत घातला तर कुणाला राग येणार न्हाय न्हवं?" भाभी हसत सुटल्या. "आमची मेल्याली माणसं लई समजूतदार हाईत, आक्का," म्हणाल्या आणि फांदी तोडून दिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी भिंतीवर एक फांदी यायची, आणि इकडनं एक वाटी थायलंड तिकडं जायचं.

गवती चहा, माझा चहा बिनसाखरेचा झाल्यावर, तू चहातनं काढून कढईत घातलास. मासळीचं ते त्यांचं पाणी इथं मिळेना तर मलकापूरच्या बहिणीकडनं सुकट मागवलीस आणि भाजून तिची पूड केलीस. रत्नागिरीचा रस्ता त्यांच्या दारातनंच जातो, सुकटीला काय तोटा. फ्लॉवर किसून माझ्या ताटात वाढायचीस आणि त्याला भात म्हण म्हणायचीस. मी फ्लॉवर म्हटलं की रागवायचीस. "मनात भात म्हण की गं, पैसं पडत्यात व्हय?" आता मनात काय म्हणायचं ते सांगायला कुणी नाही, म्हणून खरा भात खातेय.

हो, खातेय. ओरडू नको, ऐकून घे. माणसं चांगली आहेत, गल्लीनं तुला जीव लावला होता, म्हणून डबे थांबत नाहीत. पिठलं-भाकरी, आमटी-भात, खिचडी, परत आमटी-भात. दुपारी साखरेचा चहा, तोही हातात धरून पाजतात. सुतकाच्या घरी आलेल्या डब्याला नाही कसं म्हणायचं? आणि आत्याबाई शेजारी बसून वाढतात. "खा गं पोरी, दुःखात पथ्य नसतं." काल मी सुई हातात घेतली, उगीच, करायला काही नाही म्हणून. नेढं दिसेना. धूसर सगळं, मध्येच एकाची दोन दिसत. बोट टोचून मशीनवर आकडा बघितला आणि मशीन उशीखाली सरकवलं. तू असतीस तर उशी उपसून काढलं असतंस. मला भीती वाटली, आक्का. तू गेल्यावर पहिल्यांदा मला माझ्या डोळ्यांची भीती वाटली.

आणि फोडणी घालायची नाही. सुतकात चूल पेटली तरी नुसतं शिजवायचं. तेल तापवायचं नाही, मोहरी तडतडायची नाही, घरातनं खमंग वास बाहेर जायचा नाही. हे आत्याबाई आज सांगतात, पण मला ते तू शिकवलंस. सासूबाई गेल्या तेव्हा मी विसरून मोहरीला हात घातला आणि तू डबा हिसकावून माळ्यावर टाकलास. "म्हातारीचा जीव अजून घरात आसंल," म्हणालीस. "तिला वाटंल, माझ्याबिगार ह्यांचं सगळं सुरळीत चाललंय." सुतक फिटेपर्यंत तो डबा खाली आला नाही. तुझं ते बोलणं मला तेव्हा फार पटलं होतं.

आता सांग, तुझं कुठलं ऐकू? सुतकात फोडणी नको हे तुझंच, आणि भाताला शिवलीस तर याद राख हेही तुझंच. दोन्ही हुकूम तुझे, आणि विचारायला जावं तर तू नाहीस. अशी अडवणूक फक्त तूच करू जाणे.

त्यात आपलं भांडण अर्धं राहिलं. ते काही मला सोडत नाही. तू जायच्या थोडे दिवस आधी माझा आकडा वर गेला होता. फार नाही, पण गेला होता. तू मशीन माझ्या नाकासमोर धरलंस. "कुठं खाल्लंस? त्या बारशाला गेल्तीस, जिलेबी खाल्लीस न्हवं?" मी म्हटलं, शप्पथ, पाळणा म्हणून झाला तशी उठून आले. "मशीन खोटं बोलत न्हाय, सुमे." मग मी खोटं बोलते? तू मशीन डब्यात घालून झाकण लावलंस. आणि त्यानंतर जे थायलंड केलंस ते पार बेचव. मीठ होतं, मिरची होती, लिंबू होतं, पण त्यातनं काहीतरी निघून गेलं होतं. आज नाही उद्या सुधारेल म्हणून मी वाट बघितली. शेवटी ताट सरकवून म्हटलं, आज काय घातलंस ह्यात, राग? आणि तू, शब्दाला शब्द तयार असणारी तू, पाठ करून कढई घासत राहिलीस. मला वाटलं, उद्या बघू. मी जिलेबी खाल्ली नव्हती, आक्का. एवढंच तुला पटवायचं राहिलं.

आज दुपारी तुझा लेक आणि आमचे हे दहाव्याचं सांगायला घाटावर गेले. आत्याबाई जेवून कलंडल्या. दादा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले. तुझा नवरा बोलतच नाही गं. कुणी आलं की हात जोडतात, गेलं की सोडतात. मी आत गेले आणि तुझी ढोबळी मिरची बाहेर काढली. टोकाला सुरकुतली होती.

आधी तुझा मान राखला. फोडणी न घालता करून बघितलं. ढोबळी, कोबी, घेवडा, सगळं पाण्यात वाफवलं, वरनं मीठ आणि सोयासॉस. दोन घास खाल्ले. दवाखान्यातल्या जेवणाला निदान दवाखान्याचं निमित्त असतं. मग मी चिडले, कुणावर ते विचारू नको. माळ्यावर हात घालून लोखंडी कढई खाली काढली. ह्या खेपेला आत्याबाईंनी आख्खी कढईच वर टाकली होती. उरलेली भाजी चिरली, तुझ्या पद्धतीनं, आधी सगळं चिरून ताटात आणि मगच गॅस. "जाळ पेटला की हुडकत बसायचं न्हाय," हे तू इतक्यांदा म्हणालीस की ते मला झोपेतही ऐकू येतं. पनीरचे तुकडे केले. गवती चहा बारीक केला. लसूण-मिरची ठेचली. सुकट नाही घातली, तेवढं सुतक पाळलं. जाळ मोठा केला, तेल तापू दिलं, आणि ठेचा आत टाकला.

आवाज किती मोठा होतो गं त्याचा. रोज व्हायचा तेव्हा कधी कळला नाही. सगळ्या घरात गेला तो, आणि त्याच्या मागनं ठसका. मी झारा फिरवत राहिले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला कुठं उभं राहायचं आणि हातानं काय करायचं ते कळत होतं. तुझा जीव अजून घरात असेल तर गैरसमज करून घेऊ नको. सुरळीत काही चाललेलं नाही.

भिंतीपलीकडनं मुमताजभाभी खोकल्या. "सुमन? तूच हाईस न्हवं?" मी म्हटलं, मीच हाय भाभी. मग भिंतीवर सब्जाची फांदी दिसली.

आत्याबाई जाग्या झाल्या आणि नाकाला पदर लावून दारात उभ्या राहिल्या. "आगं, काय केलंस हे? सुतकात फोडणी? त्या बिचारीचा जीव अजून हितंच आसंल."

"असू दे की आत्याबाई. तिनंच सांगितलंय, भात खायाचा न्हाय म्हणून."

"मेल्या माणसाचं आसलं ऐकत्यात व्हय?"

"मग तुम्ही कुणाचं ऐकून फोडणी बंद केलीया? त्यातलं जितं कोण हाय?"

त्यांनी नाकावरचा पदर आणखी घट्ट धरला. ते बघायला तू पाहिजे होतीस. तुझ्या लग्नापासून त्यांना कुणी असं गप्प केलं नव्हतं.

तेवढ्यात दादा आत आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी कढईत वाकून बघितलं. मग हात लांब करून फळीवरचा, हळदीच्या मागचा, तो जुना पत्र्याचा डबा काढला. ज्यात खायचा सोडा आहे, हात लावू नको, असं तू मला सांगितलं होतंस. त्यांनी झाकण उघडलं. आत किसलेला गूळ होता.

"चिमटीभर घालायची ती," दादा म्हणाले. "गॅस बंद करताना."

माझा झारा थांबला. "कवापासनं?"

"पहिल्यापासनं. ती बाई साखर टाकती म्हणं त्यात. हिनं न टाकता केलं, तर तू दोन घास खाऊन उठलीस. मला म्हणाली, ही आशी अर्धपोटी उठाय लागली तर भातावर पडंल. गूळ घालते, तुमी सांगू नगा." दादा डब्यात बघत बोलत होते. "तुझा आकडा वाढला न्हवं, त्या दिशी बंद केला. माझ्यामुळंच झालं म्हणत हुती. तुला सांगणार हुती. कसं सांगू, कसं सांगू करत ऱ्हायली."

म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं, मी खोटं बोलत नव्हते, आणि तू, आक्का, तू? चिमटीभर गुळानं आकडा तेवढा चढतो का मला माहीत नाही. डॉक्टर कदाचित हसतील आणि भलतंच कारण सांगतील. पण मशीन माझ्या नाकासमोर धरून ओरडत होतीस तेव्हा तुझा एक डोळा त्या फळीकडे असणार. लबाड. स्वतः मला गूळ चारायचा आणि जिलेबीचा आळ माझ्यावर घ्यायचा. आयुष्यात एक भांडण मी तुझ्याशी स्वच्छ जिंकले. साक्षीदार आहे, मुद्देमाल हातात आहे, आणि कबूल करायला तू जागेवर नाहीस. काय करू मी ह्या जिंकण्याचं? कुणाला सांगू, कुणाचं तोंड उतरलेलं बघू? मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडले. तुला उचलल्यापासनं पहिल्यांदा, आत्याबाईंच्या खांद्यावर. त्यांचा एक हात अजून नाकाला पदर धरून होता, दुसऱ्यानं त्या माझी पाठ चोळत होत्या.

मग त्या बेचव थायलंडात घातलास तो राग नव्हताच. तू रोज गुळावाचून करून, चव लागणार नाही हे ठाऊक असून, माझ्यापुढे वाढत होतीस आणि मी काय म्हणते ह्याची वाट बघत होतीस. तोंडानं चुकलं म्हणणं तुला कधी जमलं नाही. दादांशी नाही, सासूबाईंशी नाही, माझ्याशी तर नाहीच. जे जमलं ते तू ताटात वाढलंस. वेडे, एकदा म्हणायचं होतंस. मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी म्हटलं असतं, घाल की चिमटीभर, मरत नाही मी. माझे डोळे तू राखलेस गं. त्या गुळासकट राखलेस.

दादा डबा पुढे धरून उभे होते. "घाल थोडा. आता कोण वरडतंय?"

मी म्हटलं, नको दादा. तिनं बंद केला होता, तर बंदच. सब्जा खुडून टाकला आणि गॅस बंद केला. दादांना ताटलीत वाढलं आणि त्यावर गूळ भुरभुरला, साखर त्यांना थोडीच आहे. ते तिथंच पाटावर बसले आणि जेवायला लागले. आत्याबाई सवयीनं म्हणाल्या, "आगं, संगं भात तरी घे जरासा." मी आलेल्या डब्याचं झाकण उघडलं नाही. कढईपाशी उभी राहूनच जेवले.

बेचव होतं, आक्का. सगळं खाल्लं.